चाळीस सेकंद शिळं

रविवार, सकाळचे साडेआठ.
लास वेगासला अजून शनिवारची रात्र आहे,
आणि सातपूर कॉलनीत, माझ्या जुन्या केबलच्या खोलीत,
नऊ माणसं सतरंजीवर.
वर्गणी जमली तशी जमली: तेजल खैरनारचे शंभर,
जुबेरचे दोनशे, कारण त्याचा भाऊही येणार होता,
लेथवाल्या बर्व्यांनी सगळे सुटे दिले.
वाळू गांगुर्डेकडून घ्यायचे नाहीत
हे न बोलता ठरलेलं.

एके काळी हे सगळं माझ्या हातात होतं.
महिन्याला दीडशे, पिवळं कार्ड, खाली माझी सही,
गच्चीवरून गच्चीवर काळी वायर
थेट अंबड लिंक रोडपर्यंत.
कुठल्याशा परदेशी चॅनलवर रात्री दोनला बॉक्सिंग लागायचं.
मी ते सोडायचो, कुणी मागितलेलं नसताना.
वाळूच्या एकट्या खिडकीत निळा उजेड हलायचा.
एका माणसासाठी अख्ख्या कॉलनीत बॉक्सिंग.

आता पासवर्ड लागतो.
जुबेरच्या मेव्हण्याचा ईमेल, तेजलचा नंबर,
येईल येईल म्हणत न येणारा ओटीपी,
आणि एका वेळी दोनच पडदे. तिसऱ्याने उघडलं
की पहिल्याला बाहेर काढतात.
मी वायर कापायला जायचो तेव्हा
निदान दारात उभा राहून पाणी तरी प्यायचो.

वाळू तोफखान्यात होता, देवळालीला. साठ किलो गटात.
डाव्या डोळ्याचा पडदा तेव्हाच सुटला,
उजव्यात आता मोतीबिंदू.
टीव्हीकडे पाठ करून बसतो.
"आवाज वाढव," म्हणतो,
"बोलणाऱ्याचा नको, ठोशांचा."
मी रिमोट नुसताच हातात धरतो.

तिसरी फेरी. निळ्या चड्डीवाला दोरांपाशी.
तेजल बसल्या बसल्या खांदे चुकवतेय,
बर्व्यांच्या चहाला धक्का लागतोय.
तेवढ्यात वरच्या मजल्यावर आहेरांचा पोरगा ओरडला,
"गेला! गेला!"

आमच्याकडे अजून कुणीच गेलं नव्हतं.
निळा उभा होता, चांगला ताठ,
तोंडातलं रबर चावत,
आणि आम्ही त्याच्याकडे असे बघत होतो
जसे सगळ्यांना कळलेल्या घरात
ज्याला अजून सांगितलेलं नाही
त्याच्याकडे बघतात.
कोपऱ्यात लाल अक्षरात: लाइव्ह.
"वर फायबर आहे," जुबेर ओशाळून म्हणाला,
"आपलं चाळीस सेकंद शिळं."

आणि मग तेही थांबलं. पांढरं चाक
फिरत राहिलं, मधोमध.

"आवाज का गेला?"
"अडकलंय, काका. पांढऱ्याचा उजवा अर्ध्यात आहे."
"निळ्याचा डावा कुठंय?"
"खाली."
"मग संपलं," वाळू म्हणाला.
"लागतो तेव्हा कळत नाही, पोरी.
आधी गुडघ्याला कळतं, मग कानाला.
आपल्याला सगळ्यात शेवटी."

त्याच्या हातातल्या बशीत चहा
काठापर्यंत येऊन मागे जात होता.
गेल्या दिवाळीपासून हे सुरू झालंय.
सिव्हिलमधला डॉक्टर विचारतो, डोक्याला मार? कधी?
चौऱ्याऐंशी साली, वाळू सांगतो. फायनल, दुसरी फेरी.
जिंकलो होतो मी, असंही सांगतो.
डॉक्टर ते लिहून घेत नाही.
त्या लढतीचं चित्रण कुणाकडेच नाही,
माझ्याकडेही नाही, मी तेव्हा वायर ओढायलाही लागलो नव्हतो.

चाक सुटलं. ठोसा पोचला.
निळा पडला, आणि आमच्यातलं कुणीच ओरडलं नाही.

तेजलची पुढच्या आठवड्यात नाशिकरोडला लढत आहे.
ती वाळूपुढे जाऊन बसली:
"डावा खाली येतोच कशाला, काका?"
त्याने बशी माझ्याकडे दिली.
डावी मूठ गालाशी नेली. ती थरथरत होती.
तेजलने तरीही मान चुकवली.

सगळे गेल्यावर मी टेबलाचा खण उघडला.
पिवळी कार्डं उरली होती थोडी.
एकावर नाव घातलं, वाळू गांगुर्डे,
महिना घातला,
भरले, असं लिहिलं
आणि खाली सही केली.